माळ्यावर खोली काढायची का? ठरवण्याआधी काय मोजायचं, कोणाला विचारायचं

"ताई, वर माळा नुसता पडून आहे, तिथे एक खोली निघेल का, जरा बघून जाल?" असं बोलावणं मला बाळकुम, कोलशेत, माजिवडा या भागांतल्या ओळखीच्या घरांतून नेहमी येतं. मी ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, आणि राहते बाळकुमच्या जुन्या गावात, मंगलोरी कौलांच्या घरात. पुढे ओटी, मध्ये तीन खोल्या, मागे पडवी, वर माळा. चारही बाजूंना टॉवर उभे राहिले, तरी गावात अशी घरं अजून आहेत. त्यांतल्या माणसांना जागा कमी पडते आहे आणि नवा फ्लॅट परवडत नाही, म्हणून सगळ्यांची नजर माळ्याकडे जाते. आमच्या घरीही धाकट्या दिरांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हाच विषय निघाला. त्यामुळे जे खाली लिहिते आहे ते ऑफिसातल्या कामावरून आणि स्वतःच्या घरावरून, दोन्हीकडून आलेलं आहे.

कोटेशन मागवण्याच्या आधी घरातल्या सगळ्यांनी बसून एका प्रश्नाचं उत्तर ठरवा: वरची खोली कोणासाठी? "एक जादा खोली हवी" हे उत्तर पुरेसं नाही. माणसाचं नाव घ्या. दहावीच्या मुलीला अभ्यासाला हवी असेल तर ती दिवसाचे चार-पाच तास तिथे बसेल. नवरा-बायकोला हवी असेल तर दार बंद होणारी खोली लागेल, पुढेमागे पाळणा ठेवायला जागा लागेल, आणि रात्री-अपरात्री जायला संडास जवळ लागेल. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना हवी असेल तर माझं उत्तर मोजमाप न घेताच "नको" असं आहे. खालच्या खोलीत नातू झोपतो म्हणून आजोबांना वर पाठवणारी घरं मी पाहिली आहेत आणि मला ते कधीच पटलेलं नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिन्यावर अवलंबून ठेवलं की तो हळूहळू ओटीवर येऊन बसणंच बंद करतो.

नाव ठरलं की टेप घेऊन वर जा.

उंची: इथेच निम्मा निर्णय होतो

माळ्याचं क्षेत्रफळ मोजू नका, उंची मोजा. तीन ठिकाणी: आढ्याच्या, म्हणजे छपराच्या मधल्या सगळ्यात उंच रेषेच्या, बरोबर खाली, भिंतीला लागून, आणि या दोन्हींच्या मध्ये. माप माळ्याच्या फळीपासून वाशाच्या खालच्या कडेपर्यंत घ्या, कौलापर्यंत नको. डोकं वाशालाच लागतं.

आमच्या माळ्याचेच आकडे देते, म्हणजे हिशेब कसा करायचा ते दिसेल. रुंदी ६ मीटर, लांबी ५ मीटर. आढ्याखाली उंची २.९ मीटर, भिंतीलगत ०.९ मीटर. फरशीचं क्षेत्रफळ ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. हा आकडा ऐकून घरात सगळे खूश झाले होते. पण दोन्ही बाजूंनी छप्पर उतरतं. भिंतीपासून १.८ मीटर आत गेल्यावर कुठे २.१ मीटर उंची मिळते. दोन्हीकडचे १.८ वजा केले तर मध्ये २.४ मीटर रुंदीचा पट्टा उरतो. माणूस ताठ उभा राहून, हात वर करून सदरा घालू शकेल अशी जागा तेवढीच: १२ चौरस मीटर, सुमारे १२९ चौरस फूट.

अजून थांबा. खोली करायची तर वर उष्णता अडवणारा थर आणि त्याखाली सीलिंगचा बोर्ड येणार, खाली जुन्या फळीवर नवा बोर्ड आणि फरशी येणार. यात सहज १५ सेंटिमीटर जातात. आता आढ्याखाली २.७५ उरले आणि भिंतीलगत ०.७५. मधला पट्टा २.४ वरून १.९५ मीटरवर आला. म्हणजे १०५ चौरस फूट. बाकीचं वाया जात नाही, तिथे कपाटं, गाद्या, सतरंज्या बसतात, दीड मीटर उंचीच्या पट्ट्यात पलंगही बसतो. पण खोली म्हणून जिचा उपयोग होतो ती जागा ३२३ नसून १०५ आहे, हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

नियमाचं म्हणणं काय, तेही इथेच बघून घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर धरली आहे. उतरतं छप्पर असेल तर सरासरी उंची २.७५ आणि पागोळीकडच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, बाजूला किमान २.१ मीटर. १.५ मीटरपर्यंत उंचीची जागा ही साठवणीची, तिला माळा म्हणायचं. आमच्या माळ्याची सरासरी, सीलिंग केल्यावर, १.७५ निघते. म्हणजे आहे त्या छपराखाली कितीही सुंदर सीलिंग केलं, खिडकी काढली, दिवे लावले, तरी कागदोपत्री ती राहती खोली होत नाही. ती करायची तर भिंती उचलाव्या लागतात आणि मग तो नवा मजला ठरतो. कारागीर हे सांगत नाही, कारण त्याला हे विचारलेलंच नसतं. जुन्या कौलारू घरांतल्या बहुतेक माळ्यांची गोष्ट हीच आहे. तुमचं मोजमाप यापेक्षा चांगलं निघालं तर तुमचं नशीब, आणि पूर्वजांनी छप्पर उंच ठेवलं म्हणून त्यांचे आभार.

जिना

माळ्यावर चढायला सध्या शिडी असते, आणि "जिना करू एका कोपऱ्यात" असं सगळे म्हणतात. जिना कोपऱ्यात होत नाही. कारण सांगते.

खालची उंची ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर. पायरीची उंची १८ सेंटिमीटर धरली तर १५ चढ होतात, आणि २५ सेंटिमीटरची पायरी धरली तर आडवी लांबी साडेतीन मीटर लागते. रुंदी ८० सेंटिमीटर तरी हवी, नाहीतर गादी वर जात नाही. म्हणजे खाली सुमारे ३० चौरस फूट गेले, कोणत्यातरी खोलीतून. आता वरचं पाहा. जिना जिथे वर निघतो तिथे माणसाचं डोकं मोकळं राहायला हवं. छप्पर उतरतं असल्यामुळे ती मोकळी जागा फक्त आढ्याखाली आहे. म्हणजे जिन्याचं भोक माळ्याच्या सगळ्यात चांगल्या पट्ट्यात पडतं, त्या १०५ फुटांतच. आमच्या हिशेबात १०५ मधून ३० गेले आणि ७५ राहिले.

उभी शिडी किंवा गोल लोखंडी जिना लावला तर जागा वाचते, हे खरं. लहान मूल कडेवर घेऊन, किंवा ताप आलेला असताना, रात्री दोन वाजता त्यावरून एकदा उतरून बघा, मग ठरवा. मी नकाशात उभा जिना काढून देत नाही.

जिन्याची जागा ठरवताना स्वयंपाकघर टाळा. गॅसचा सिलिंडर जिन्याखाली ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती जिवावर बेतणारी आहे. खाली आग लागली तर धूर जिन्यावाटेच वर जाणार, आणि वरच्यांना खाली यायची वाट तीच. म्हणून जिना ओटीच्या किंवा मधल्या खोलीच्या बाजूने, बाहेर पडायच्या दाराजवळ असू द्या. आणि वर एक खिडकी अशी ठेवा की तिच्यातून मोठा माणूस बाहेर पडू शकेल आणि खाली पडवीचं छप्पर किंवा गच्ची असेल. त्या खिडकीला बंद गज नकोत. गज हवेतच असतील तर आतून उघडणारे बसवा आणि किल्ली तिथेच टांगा.

वजन

जुना माळा कशासाठी बांधला होता ते आठवा. भाताची पोती, शेणी, लग्नाकार्याची मोठी भांडी. पोती जड असतात, म्हणून लोक म्हणतात, "इतकं वजन पेललं, माणसं काय जड?" पण पोती भिंतीकडेला रचायचे, आणि ती चालत नव्हती, उड्या मारत नव्हती. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार, म्हणजे माणसं आणि हलवता येणारं सामान यांचं वजन, धरतात. ३० चौरस मीटरला ते ६,००० किलो झाले. शिवाय नवी फरशी, पार्टिशन, कपाटं हे वेगळं.

इंजिनिअर यायच्या आधी तुम्ही स्वतः बघू शकाल अशा काही गोष्टी आहेत. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालून दोरी ताणून धरा. चार मीटरच्या तुळईत मध्ये सेंटिमीटरभराहून जास्त झोळ असेल तर तीच तुळई त्याला आधी दाखवा. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे पेचकस टोचा. सागवान मध्ये कितीही टणक असलं तरी भिंतीतल्या ओलीने टोक आधी कुजतं, आणि वाळवीही तिथूनच चढते. पेचकस लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर ती तुळई गेली समजा. वाळवीच्या मातीच्या नळ्या वाशांवर शोधा. भिंतीला तिरक्या भेगा आहेत का, दारांच्या चौकटी तिरप्या झाल्या आहेत का, तेही लिहून ठेवा.

मग परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्याला जोत्यालगत एक खड्डा खणून पाया बघायला सांगा. खाडीजवळच्या आपल्या गावांत खाली चिकणमाती असते, पाया किती खोल नेला आहे आणि कशाचा आहे हे वरून कळत नाही. भिंत चुन्यातली असेल किंवा मातीतली असेल तर तो बहुतेक सांगेल की नवीन भार जुन्या भिंतींवर टाकू नका, लोखंडी खांब वेगळ्या पायावर उभे करा आणि नवा माळा त्यांवर टाका. खर्च वाढतो. पण मला विचाराल तर जुन्या घरात हीच पद्धत शहाणपणाची आहे. जुनी भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते आणि वरच्या खोलीशी तिचा संबंध राहत नाही.

वर काँक्रीटचा स्लॅब टाकायची हौस असेल तर वजनाचा आकडा ऐका: १०० मिलिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला २५० किलो. माणसं यायच्या आधीच ३० चौरस मीटरला साडेसात हजार किलो. लोखंडी आय-बीमवर सिमेंट फायबर बोर्ड किंवा जाड प्लाय टाकला तर हे वजन कितीतरी कमी राहतं. बाथरूम वर नेऊ नका असं मी सांगते ते वजनामुळे, आणि गळतीमुळेही. लाकडी तुळयांवर ओली जागा म्हणजे काही वर्षांत कूज ठरलेली. नेलीच, तर ती खालच्या बाथरूमच्या बरोबर वर, काँक्रीटवर, वेगळ्या आधारावर.

ऊन

ही चाचणी फुकट आहे आणि कोणी करत नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता माळ्यावर थर्मामीटर ठेवा, जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे झोपणाऱ्या माणसाच्या उंचीला. तोच पुन्हा रात्री नऊला बघा, आणि त्याच वेळी खालच्या खोलीतलंही तापमान घ्या. दुपारचा आकडा घाबरवतो, पण निर्णय रात्रीच्या आकड्यावर करा. कौलांच्या फटींतून वारा खेळतो म्हणून कौलारू माळा रात्री बराच निवतो. पत्रा दुपारी जास्त तापतो. आणि तुम्ही सीलिंग ठोकलं की कौलांच्या फटींतून येणारा तो वारा बंद होतो, हे लक्षात ठेवा. उलट करायचं असतं ते असं: कौल आणि थर यांच्यामध्ये दोन-अडीच इंच हवेची पोकळी ठेवायची, ती पागोळीकडे आणि आढ्याकडे दोन्ही टोकांना उघडी, जाळी लावलेली, म्हणजे तापलेली हवा आढ्यातून निघून जाते. त्याखाली रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) किंवा तसा थर, त्याखाली बोर्ड. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर खिडक्या. एकच खिडकी असेल तर हवा खेळत नाही.

एसीवर भिस्त ठेवणार असाल तर आधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा. गावातल्या जुन्या घरांत तो फार कमी असतो. महावितरणकडून वाढवून घ्यावा लागतो, आणि जुनी वायरिंग बदलावी लागते. माळ्यावर लाकूड आहे, तिथे जुनी, कपडा गुंडाळलेली वायर ठेवून एसी चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तो कोरडा कापू नका, ग्राइंडर लावू नका, फोडू नका. आख्खा उतरवा, ओला करून, तोंडाला नुसता रुमाल नको, चांगला मास्क हवा, आणि पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

पाऊस

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात २०० मिलिमीटर पडला तर १०,००० लिटर पाणी खाली येतं. माळा नुसता माळा असताना चार ठिकाणी गळलं तर आपण बादल्या ठेवतो. खोली झाल्यावर तेच पाणी सीलिंगच्या आत साचतं, दिसत नाही, आणि थर भिजून त्याला वास सुटतो. म्हणून सीलिंग करायचा विचार असेल तर त्याआधीचा एक आख्खा पावसाळा छपराकडे बघा. जुलैत, जोराच्या सरीत, टॉर्च घेऊन वर जा आणि जिथे ओल दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा. पन्हळ कुठे तुंबते, शेजाऱ्याच्या छपराचं पाणी आपल्या भिंतीवर येतं का, हेही तेव्हाच कळतं.

कौलं काढून पत्रा टाकायचा सल्ला बरेच जण देतात, गळती थांबते म्हणून. थांबते. पण पत्रा हलका असतो, त्याला वारा खालून उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये काय झालं ते आपण पाहिलं आहे. पत्रा टाकलात तर तो लोखंडी चौकटीला, आणि चौकट खांबांना, पक्की बांधलेली आहे का हे इंजिनिअरकडून बघून घ्या. फॅब्रिकेटरच्या "काही होत नाही" वर जाऊ नका.

कागद

गावठाणातलं घर सहसा एकट्याचं नसतं. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ती मोठ्याने वाचा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल, किंवा चुलते, आत्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी अशी सात-आठ नावं असतील. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. तुम्ही तुमचे दहा-पंधरा लाख घालून वर खोली बांधता, आणि घर मात्र सगळ्यांचं राहतं. वाटण्यांच्या वेळी "वरची खोली आमच्या पैशाची" हे तोंडी सांगून चालत नाही. या एका गोष्टीवरून भावाभावांचं बोलणं तुटलेलं मी इतक्या घरांत पाहिलं आहे, की मी आता टेप काढायच्या आधी मिळकत पत्रिकाच मागते. सगळ्या सहमालकांची लेखी संमती घ्या, आणि खर्च कोणी केला, वरची जागा कोण वापरणार, उद्या घर विकलं किंवा पुनर्विकासाला गेलं तर हिशेब कसा, हे वकिलाकडून करारात लिहून घ्या, नोंदवून घ्या. बहिणींना सही मागायला जाताना आधी घरी जेवायला बोलवा, नकाशा दाखवा, त्यांचं म्हणणं ऐका. हक्काच्या माणसाकडून सही फक्त "टाकून घ्यायची" हे वागणं बरोबर नाही.

मग परवानगी. आहे त्याच उंचीला कौलं बदलणं, डागडुजी करणं हे दुरुस्तीत येतं. भिंत उचलली, उंची वाढवली, राहता मजला केला की महानगरपालिकेच्या शहर विकास विभागाची परवानगी लागते, आर्किटेक्टमार्फत, नकाशासह. घर खाडीच्या जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, रेषा कुठून जाते हे आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत विचारा. "सगळेच करतात" म्हणून विनापरवाना केलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली पाडायची नोटीस येऊ शकते, आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती (दंड) दरवर्षी लागू शकते. ती शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. घरकर्ज हवं असेल तर बँकही मंजूर नकाशा मागतेच.

ठाण्यात क्लस्टर योजना, म्हणजे अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास, आली आहे, किसननगरपासून तिची सुरुवात झाली. तुमचा भाग अशा एखाद्या आराखड्यात आहे का, हे खर्च करण्याआधी महापालिकेत विचारून घ्या. पाच वर्षांत घर पाडलं जाणार असेल तर माळ्यावर पंधरा लाख घालण्यात अर्थ नाही.

नवी मुंबईतल्या वाचकांसाठी दोन शब्द. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ इथल्या सिडकोच्या बैठ्या घरांत आणि रो-हाऊसमध्ये जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्याने आहे, त्यामुळे महापालिकेबरोबर सिडकोचंही बघावं लागतं. आणि भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असते. तिच्यावर बीम टेकवायचा म्हणजे शेजाऱ्याच्या घरात हात घालायचा. फ्लॅटमध्ये लोखंडी माळा टाकायचा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला याशिवाय पुढे जाऊ नका. साडेनऊ-दहा फुटांच्या फ्लॅटमध्ये तो साठवणीपुरताच ठेवा. वर झोपायची जागा केली की वरच्याला बसता येत नाही आणि खालच्याला उभं राहता येत नाही.

पैसे

आता हिशेब. कोटेशनला एकूण चौरस फुटाने भागू नका. ताठ उभं राहता येणाऱ्या, जिना वजा केलेल्या फुटाने भागा.

आमच्या घराला दोन कोटेशनं आली होती. छप्पर न उचलता, आहे त्या उंचीत थर, सीलिंग, फरशी, जिना, वायरिंग: साडेसहा लाख. उपयोगाची जागा ७५ चौरस फूट. फुटाला सुमारे ८,७०० रुपये, आणि तरी ती नियमाने राहती खोली नाही. दुसरं कोटेशन: लोखंडी खांब, भिंती सव्वा-दीड मीटरने उचलून नवं छप्पर, बाकी सगळं तेच: १४ लाख. पण मग भिंतीलगतही २.१ मीटर उंची मिळते, जिना वजा जाता सुमारे २९२ चौरस फूट पूर्ण वापरात येतात. फुटाला ४,८०० रुपये. दुप्पट खर्चाचं काम फुटाला जवळजवळ निम्म्यात पडलं. तुमचे आकडे वेगळे येतील, पण भागाकार हाच करा. अर्धवट काम स्वस्त वाटतं आणि बहुतेक वेळा तेच महाग पडतं. या आकड्यांत परवानगीचा खर्च, इंजिनिअरची फी, आणि काम चालू असताना दुसरीकडे राहायचं भाडं मिळवायला विसरू नका.

त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहा: जवळ एक खोली भाड्याने घेतली तर वर्षाला किती, आणि खालच्याच घरात फेरबदल केले तर किती. आमच्या गल्लीतल्या एका घरी वडिलांसाठी माळ्यावर खोली काढायचं चाललं होतं. मी त्यांना मागची पडवी दाखवली. तिचं छप्पर नीट करून, भिंत पक्की करून, शेजारच्या संडासाकडे दार काढून खोली झाली. जिना नाही, तुळयांचा प्रश्न नाही. म्हातारबाबा सकाळी तिथूनच अंगणात जातात. माळा त्यांचा तसाच आहे, वर गणपतीची आरास आणि पाहुण्यांच्या गाद्या. माळा साठवणीलाच राहिला तर त्यात कमीपणा नाही. घरातलं निम्मं सामान वर गेलं की खालच्या खोल्या मोकळ्या होतात, कधीकधी तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. हे आधी करून बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

आम्ही छप्पर उचलायचं ठरवलं. खोली तरुण जोडप्यासाठी होती, पाया इंजिनिअरने बघितला होता, तिन्ही भाऊ आणि दोन्ही नणंदांनी करारावर सह्या केल्या, आणि परवानगी हातात आली. यातली एक जरी गोष्ट अडली असती तर मी स्वतः "नको" म्हटलं असतं, आणि जाऊबाईंना तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

करायचं ठरलं, तर कामाचा क्रम असा ठेवा. परवानगी पावसाळ्यात मिळवा, पाया आणि खांब दिवाळीनंतर, कौलं डिसेंबर-जानेवारीत उतरवा, आणि मार्चअखेर नवं छप्पर पूर्ण झालंच पाहिजे असं कंत्राटात लिहा. उतरवलेली चांगली कौलं आणि सागाचे वासे तुमचे आहेत, हेही लिहा, नाहीतर ते कामाच्या गाडीतून निघून जातात. पैसे टप्प्याने द्या: पाया, खांब, छप्पर, फरशी, आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर, वर एक थेंबही आलेला नाही हे बघून.